दिवेलागणीचा केर

"वरचं तेवढं बघून उठू नका, मावशी. खाली ती दुसरी पेटी हाय ना, स्पॅम म्हणतात ती, तीपण उघडत जावा. रोज. देवाला फूल वाहिल्यागत."

जनी माझ्या खुर्चीच्या मागे उभी राहून सांगत होती. धुणं अर्धं टाकून आली होती, हात ओलेच होते, म्हणून ती माऊसला शिवत नव्हती. नुसतं बोट दाखवून मला पुढं नेत होती.

"काय असतं तिच्यात?" मी विचारलं.

"कचरा. लॉटरी लागली, टकलावर केस उगवा, कर्ज घ्या, असलं. पण मशीनला काय कळतंय? कधी कधी चांगलं पत्रबी उचलून त्यात टाकतंय. आमचं कॉम्प्युटरचं सर म्हणले, कॉलेजची पत्रं हमखास तिथं जाऊन पडत्यात."

"आणि पडलं तर? कचऱ्यात पडलेलं उचलायचं कसं?"

"हितं टिचकी मारायची. नॉट स्पॅम. की आलं वर." ती हसली. "तुमच्या भाषेत सांगू? गोमूत्र शिंपडायचं आन् घरात घ्यायचं."

"देवाची चेष्टा करू नये गं."

"देवाची कुठं, मशीनची करतीय."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी साताऱ्याकडच्या डोंगरात, मुलींच्या एका वसतिगृहावर गृहमाता होते. यजमान गेल्यावर माहेरच्यांच्या ओळखीनं मला तिथं काम मिळालं होतं. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली खालच्या शाळेत शिकायला येत आणि आमच्याकडे राहत. संस्था लहान, पण नाव चांगलं. मुलींना मोबाइल बाळगायची परवानगी नव्हती, आणि मोबाइल असता तरी त्यांच्या वाडीत त्याला आवाज फुटत नव्हता. त्यामुळे मुलगी कोणतीही असो, अर्ज कशाचाही असो, त्यावर पत्ता संस्थेच्या कार्यालयाचा, फोन कार्यालयाचा आणि ई-मेलही कार्यालयाचाच. एक संगणक, एक पेटी. सगळ्या पोरींचं नशीब म्हणा, भविष्य म्हणा, त्याच पेटीत यायचं.

जनी म्हणजे जनाबाई येडगे. आजीचं नाव ठेवलेलं. घाटाच्या वरच्या अंगाला त्यांची म्हशींची वस्ती. बारावी झाली होती आणि कोल्हापूरच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या नर्सिंग शाळेची प्रवेशपरीक्षा ती देऊन आली होती. निवड झाली तर मुलाखतीचं बोलावणं ई-मेलनं येणार होतं. आलं तर शिक्षण, राहणं, जेवण सगळं दवाखान्याकडे. नाही आलं तर लग्न. तिचे वडील धोंडीबा तसं स्पष्ट सांगून गेले होते. "तुळशीचं लग्न लागंस्तवर थांबतो बाई. त्याच्या म्होरं पाव्हणं थांबायचं न्हाईत."

ती पुढची वाट बघायला वसतिगृहातच राहिली. स्वयंपाकघरात मदत करायची, धाकट्या मुलींची वेणीफणी करायची. त्या दिवशी संगणक बंद करायला लावून ती म्हणाली, "मावशी, एक शब्द द्या मला."

"काय?"

"हो आलं तरी आन् न्हाई आलं तरी, तुमीच सांगायचं मला. मी वर घरी असले तरी तुमी यायचं. आबाकडनं न्हाई कळायला पायजे. आबा 'न्हाई' सांगताना लई खूश हुईल."

"येईन मी."

"चढ हाय बरं का. तुमचं गुडघं."

"गुडघ्यांचं मी बघते. शब्द दिला म्हणजे दिला."

चातुर्मासात बायका काहीतरी नेम धरतात. कुणी मीठ सोडतं, कुणी गोपद्मं काढतं. गोपद्मं तर मी दरवर्षीच तुळशीपुढं काढायची. त्या वर्षी आषाढी एकादशीला मी त्याच्या जोडीला एक जास्तीचा नेम धरला. अंघोळ, तुळस, गोपद्मं, देवापुढं दिवा, आणि मग कार्यालयाचं कुलूप काढून संगणक. आधी वरची पेटी, मग खालची. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, पण माझ्या मनात ते एकाच ओळीत बसलं होतं. पाण्याची चूळ सोडता तोंडात काही न घालता मी ती पेटी उघडायची.

पेटी रोज रिकामी असायची. वरच्या पेटीत सरकारी परिपत्रकं, शाळेच्या सूचना, खालच्यात काही नाही. कधी एखादं रात्री येऊन पडलेलं इंग्रजी काहीतरी, बाकी स्वच्छ. झाडून काढल्यासारखं.

"एकदम रिकामं?" जनीनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं. "आमच्या शाळंत तर ढिगानं असतंय. सर वैतागत्यात."

"आपल्याकडे कचरा येतच नसेल. पुण्याईची संस्था आहे."

"पुण्याई बघून केसाचं तेल विकायचं थांबत्यात व्हय कुणी?" ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली. तो विषय तिथंच राहिला.

संस्थेचे कार्यवाह होते भाऊसाहेब तारळेकर. त्यांच्याविषयी नीट सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. त्यांनी ते वसतिगृह स्वतःच्या जमिनीवर उभं केलं होतं. मूलबाळ नव्हतं, या मुलींनाच ते आपल्या म्हणत. आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. दिवसा शेताचं आणि संस्थेचं बाहेरचं बघून संध्याकाळी ते कार्यालयात येत, पायताण दाराशी काढत, आणि कार्यालय स्वतःच्या हातानं झाडत. शिपायाला हात लावू देत नसत. मग कुलूप घालून घरी जात.

झाडण्याची वेळ मात्र माझ्यामुळे ठरली होती. आमच्याकडे दिवेलागणीच्या आत केर निघायलाच हवा. लक्ष्मी यायच्या वेळेला घरात केर असू नये, आणि दिवा लागल्यावर झाडू हातात घेऊ नये. ही शिस्त मी वसतिगृहात आल्या आल्या लावली. मुली कुरकुरल्या, भाऊसाहेबांनी मात्र ती आनंदानं उचलली. "बाई, ही चांगली सवय आहे," म्हणाले, "शिळं काही ठेवायचं नाही." तेव्हापासून ते दिवेलागणीच्या आधी येत. मी त्या वेळेला देवघरात असायची. दिवा लागला की आरती होईपर्यंत माझं मौन असे. यजमान गेल्यापासूनचा नेम. त्यामुळे आम्हा दोघांचं संध्याकाळी बोलणं असं कधी होतच नसे. ते कार्यालय झाडत, मी देवघरात वाती करत बसे. दोघंही आपापल्या जागी स्वच्छ.

श्रावण गेला. त्या पावसात आमची फोनची लाइन पडली ती भाद्रपदातच उठली. संगणकाचं इंटरनेट वेगळं होतं, ते तेवढं चालू राहिलं. गणपती झाले, नवरात्र झालं. जनी विचारायची थांबली. मी कार्यालयातून बाहेर आले की नुसती माझ्या तोंडाकडे बघायची आणि परत कामाला लागायची. मला तिच्यासमोरून जाणं जड व्हायला लागलं, म्हणून मी मागच्या दारानं जायला लागले.

तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी धोंडीबा आले. घोंगडी ओसरीवर ठेवून खाली बसले.

"कागूद आला न्हाई न्हवं?"

"नाही आला."

"मग न्हेतो पोरीला." ते घोंगडीची घडी सारखी करत राहिले. "बाई, मी तिचा वैरी न्हाई. आलं असतं तर धाडली असती. शब्द दिलावता तिला. पर आता तिला कुणी बोलावलंच न्हाई म्हंटल्यावर मी काय करू?"

मी आत जाऊन जनीला हाक मारली.

लग्न मार्गशीर्षात झालं. मुलगा ठाण्याला गोदामात कामाला, घरचे सगळे सडेवाडीला पठारावर. भाऊसाहेब स्वतः गेले होते, संस्थेतर्फे भांडी घेऊन. मांडवात चार शब्दही बोलले. आमची मुलगी दिल्या घरी नाव काढील, म्हणाले. जनी पिवळ्या अंगानं, खाली मान घालून बसली होती. मी ओटी भरायचा हक्क नसलेली बाई, म्हणून मागं उभी होते. तिनंच मला खूण करून जवळ बोलावलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "'न्हाई' असंबी आलं न्हाई न्हवं?"

"नाही गं."

"न्हाई तर न्हाई. पर लिहायचं तरी. एका ओळीचं काम." तिनं हातातला हिरवा चुडा मागं सारला. "मी पेपर इतका वाईट लिवला व्हता, वाटलं न्हवतं मला."

तेवढ्यात कुणीतरी तिला उठवलं.

चातुर्मास संपला तरी पेटीचा नेम मी सोडला नव्हता. पौषात एक दिवस दुपारी कार्यालयात फोन वाजला. मी मुलींच्या औषधांचं बघत तिथंच बसले होते. पलीकडून एक बाई बोलत होत्या. त्या दवाखान्याच्या नर्सिंग शाळेच्या सिस्टर कांबळे.

"नवीन वर्षाच्या परीक्षेचं सांगायला फोन केला," त्या म्हणाल्या. "तुमच्या भागातनं मुली याव्यात अशी आमची फार इच्छा आहे. पण यंदा पाठवाल त्या खरंच येणार असतील तरच पाठवा हो. मागच्या वेळेला तुमच्या त्या येडगेनं आमची जागा अडवून ठेवली."

मला काही कळेना. "म्हणजे?"

"जनाबाई येडगे. फार वर होती यादीत. दोनदा मेल केला मी स्वतः, श्रावणात. फोन लावला, लागला नाही. शेवटी खालच्या मुलीला जागा दिली. विचार बदलला होता का तिचा?"

"सिस्टर, आम्हाला काही आलं नाही."

"स्पॅममध्ये गेलं असेल. बघता का तिथं?"

"रोज बघते," मी म्हणाले. "नेमानं बघते."

रोज बघणाऱ्या बाईला काय सांगायचं, असं त्यांना झालं असावं. मग म्हणाल्या, "थांबा, मी तेच पत्र आत्ता परत पाठवते. कुठं पडतंय ते बघा. खाली पडलं तर 'नॉट स्पॅम' करा, आणि आमचा पत्ता तुमच्या ओळखीच्या नावांत घालून ठेवा. म्हणजे पुढच्या पोरींचं तरी चुकणार नाही."

"सिस्टर, जनीची जागा…"

"ती आता गेली. पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. लग्न झालेल्या मुलीही घेतो आम्ही. पण घरचे पाठवतात कुठं?"

फोन ठेवून मी संगणक लावला. वरच्या पेटीत काही आलं नाही. खालची उघडली. तिथं पाच-सहा भलतीसलती पत्रं होती आणि त्यांच्या मध्येच ते. उघडलं. मराठीत होतं, चारच ओळींचं. कु. जनाबाई धोंडीबा येडगे, आपली निवड झाली आहे. मुलाखतीसाठी व प्रवेशासाठी पालकांसह उपस्थित राहावे. आपले अभिनंदन.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आणि मग माझं लक्ष त्याच्या आजूबाजूला पडलेल्या पत्रांकडे गेलं. लॉटरी होती, तेल होतं, कर्ज होतं. सगळी त्याच दिवसाची, सकाळपासूनची. म्हणजे आमच्याकडे कचरा येत होता. रोज येत होता. मग सकाळी मी उघडते तेव्हा तो जातो कुठं?

'नॉट स्पॅम'चं बटण मी दाबलं नाही. पत्र तिथंच राहू दिलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच खोलीत बसून राहिले.

दिवेलागणीच्या आधी भाऊसाहेब आले. पायताण काढलं. मला बघून त्यांना नवल वाटलं.

"आज इकडे? देवघर सोडून?"

"थोडं काम होतं. तुमचं चालू द्या."

त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि झाडायला घेतलं. टेबलाखालून, कपाटाच्या मागून, अगदी कोपरे काढत. कागदाची टोपली बाहेर नेऊन रिकामी केली. हात धुऊन आले, चष्मा लावला आणि संगणकासमोर बसले. काहीतरी अभंगाचं गुणगुणत त्यांनी खालची पेटी उघडली. वरच्या चौकटीत एक टिचकी मारली. सगळ्या पत्रांपुढं खुणा उमटल्या.

"काय करता भाऊसाहेब?"

"केर काढतो." त्यांनी कौतुकानं माझ्याकडे बघितलं. "तुमचीच शिस्त. म्हटलं, घरातला काढायचा आणि यातला ठेवायचा, असं कसं? रोज रिकामं करून मगच कुलूप लावतो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

"बघा. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात, तसं झालं." ते हसले.

दवाखान्याचं कार्यालय दिवसा चालतं. पत्र दिवसा येणार. दिवेलागणीला जाणार. आणि मी उपाशीपोटी, ओल्या केसांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी पेटी उघडणार.

"मधलं ते एक उघडा," मी म्हणाले.

त्यांनी उघडलं. वाचताना ओठ हलत होते, ते थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"येडगे. आपली जनी?"

"आपलीच. श्रावणात दोनदा आलं होतं. हे आज परत मागवलंय."

त्यांनी माऊस बाजूला सारला. मग म्हणाले, "पण ही असली पत्रं पोस्टानं यायला नकोत का? शिक्का, सही, काहीतरी. असं कुणी कळवतं?"

"परीक्षेच्या माहितीपत्रकावर तसंच लिहिलं होतं. ई-मेलनं कळवू."

"ही मंडळी मागं सारखी पत्रकं पाठवायची. प्रवेश सुरू, प्रवेश सुरू. मीच एकदा ते स्पॅमचं बटण दाबलं, यांचं नको म्हणून. त्यानंतर यांचं सगळं आपसूक खाली जायला लागलं. मला वाटलं, शहाणं यंत्र आहे. एकदा सांगितलं की ऐकतं."

"पुसताना नावं वाचत नव्हता?"

"केर कोण वाचतं, बाई?"

देवघरात मुलींनी घंटा वाजवली. दिवा लागला. माझं मौन सुरू झालं. त्यांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी घंटेच्या दिशेला हात जोडले, आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"सुरू झालं तुमचं. एका परीनं बरं झालं. नुसतं ऐका." आवाज नेहमीसारखाच, मऊ. "मला वाईट वाटत नाही असं समजू नका. पण जे झालं ते झालं. मुलीचं लग्न झालंय. घर चांगलं आहे. मी स्वतः बघून आलोय. आता हे तिला कळलं तर काय होईल? एक तर जन्मभर जळेल, नाहीतर घर मोडून येईल. दोन्हींत भलं कुणाचं? आणि वाडीवाडीवर कळेल, की यांच्याकडे मुलींची पत्रं फेकून देतात. पुढच्या साली एक मुलगी येणार नाही. या इतक्या जणींचं शिक्षण थांबेल. एकीसाठी."

देवघरात मुली श्लोक म्हणायला लागल्या होत्या. मी नव्हते, त्यामुळे सूर खालीवर होत होता.

"आणि तुम्ही तर देवाधर्माच्या," ते म्हणाले. "तुम्हाला मी काय सांगावं? लग्नाच्या गाठी वर बांधलेल्या असतात. तिच्या प्रारब्धात ते नव्हतं, म्हणून पत्र हाती लागलं नाही. आपण निमित्त."

प्रारब्ध हा शब्द मी किती जणींना दिला असेल. आई गेलेल्या मुलीला दिला, नापास झालेलीला दिला. जनीलाही मांडवातून परत येताना मनातल्या मनात तोच दिला होता. त्यांच्या तोंडून ऐकला आणि मला कळलं, तो कसा लागतो. एखाद्याच्या अंगावर झाडू मारावा आणि वर म्हणावं, वारा होता.

त्यांनी परत माऊस हातात घेतला. "हे आता ठेवून तरी काय उपयोग? उगीच कुणाच्या नजरेला पडायचं."

"हात लावू नका," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघतच राहिले. पत्राचं राहू द्या, माझ्या आवाजाचाच त्यांना धक्का बसला होता. "बाई, तुमचं मौन."

"मोडलं."

मी पुढं झाले. ते बाजूला सरकले, बाईमाणसाला धक्का लागू नये म्हणून. सगळ्यांच्या पुढच्या खुणा काढल्या, त्या एकाच पत्रापुढं ठेवली आणि जनीनं दाखवलेल्या जागी टिचकी मारली. पत्र तिथून नाहीसं झालं आणि वरच्या पेटीत जाऊन बसलं, शाळेच्या सूचनेच्या वर. इतकं सोपं होतं. मग सिस्टरांचा पत्ता ओळखीच्या नावांत घातला. तेही जनीनंच कधीतरी शिकवलं होतं.

"मी तिला शब्द दिलाय," मी म्हणाले. "हो असो की नाही, मीच येऊन सांगीन म्हणून."

"तेव्हा दिला होता. आता ती दुसऱ्याच्या घरी आहे."

"शब्द माझ्या घरचा आहे."

"संसार मोडला तिचा तर?"

"तो मोडायचा की ठेवायचा, ते ती बघेल. तिला वाटतंय, तिनं पेपर वाईट लिहिला. एका ओळीच्याही लायकीची नव्हते, असं वाटतंय तिला. ते खोटं आहे. ते खोटं मी तिच्या पदरात ठेवणार नाही."

भाऊसाहेब उठले. खुंटीवरची टोपी घेतली, नीट घातली. दाराशी पायताण घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाणार असाल तर किल्ल्या ठेवून जा. संस्थेला ज्याचा भरवसा वाटत नाही, त्याच्याकडे किल्ल्या कशा ठेवायच्या?" रागानं म्हणाले नाहीत. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"बरं," मी म्हणाले.

देवघरात गेले तेव्हा आरती संपली होती. कापूर विझला होता. एका धाकटीनं विचारलं, "मावशी, आज तुम्ही मौनात बोललात? आम्हाला ऐकू आलं." मी तिच्या हातावर प्रसाद ठेवला.

दुसऱ्या दिवशी उठून मी नेहमीसारखं सगळं केलं. अंघोळ, तुळस, दिवा. कार्यालयात जाऊन दोन्ही पेट्या बघितल्या. खालच्या पेटीत कालचा कचरा तसाच होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिथं शिळं राहिलं होतं. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. टेबल पुसलेलं होतं, त्यांच्याच हातचं.

पत्र कागदावर छापून घेतलं नाही. तो कागद तिच्या सासरी सापडला असता, आणि तिला तो लपवावा लागला असता. रोज स्तोत्रं म्हणणाऱ्या बाईला चार ओळी पाठ व्हायला वेळ लागत नाही.

स्टँडवर गाडी उभी होती. कंडक्टर ओळखीचा होता. "मावशी, आज एकट्याच? कुठं?"

"सडेवाडी फाटा."

"तिथनं पुढं चढ आहे. तुमच्यानं व्हायचं नाही."

"हळूहळू जाईन."

फाट्यावर मी एकटीच उतरले. गाडी वळणाआड गेली, धूळ बसली. समोर पायवाट वर निघाली होती. मी पदर खोचला, आणि पहिल्या चढापासूनच ते मनात म्हणायला सुरुवात केली. कुमारी जनाबाई धोंडीबा येडगे, आपली निवड झाली आहे. वर पोहोचेपर्यंत त्यातला एकही शब्द गळू नये म्हणून, पुन्हा पहिल्यापासून.